बर्डीचा किल्ला उघडतो त्या दिवशी: इचलकरंजीच्या पाहुण्यांची पहिली नागपूर भेट

माझं माहेर इचलकरंजीचं. लग्न होऊन नागपुरात आले त्याला २२ वर्षं झाली. इतक्या वर्षांत माहेरचं कुणी इकडे फिरायला म्हणून आलं नव्हतं. लग्नाकार्याला यायचे आणि मांडवातून थेट स्टेशन गाठायचे. एका वर्षी गणपती उठल्यावर मावशीचा फोन आला: "आम्ही तिघं येतो. तीन दिवस. काय दाखवशील ते ठरव." मावशी ६७ वर्षांची, काका ७१, आणि सोबत ११ वर्षांचा नातू. त्या तीन दिवसांची आखणी कशी झाली, कुठे फसली आणि कुठे जमली, ते इथे सविस्तर लिहिते. पहिल्यांदा नागपूरला येणाऱ्या माणसाला हीच अडचण येते, आणि त्याला हाताशी मिळते ती तीच दहा ठिकाणांची यादी.

ती यादी नातवानेही पाठवली. दीक्षाभूमी, झिरो माइल, टेकडी गणपती, महाराजबाग, फुटाळा, अंबाझरी, कामठीचं ड्रॅगन पॅलेस, रामटेक, पेंचचा वाघ आणि शेवटी संत्रा बर्फी. यातलं एकही ठिकाण वाईट नाही. पण तीन दिवसांत हे सगळं बसवायचं तर पाहुण्यांचा मुक्काम गाडीच्या सीटवरच होणार. दोन तलाव, एक बाग, एक प्राणिसंग्रहालय बघायला कोल्हापूरकडच्या माणसाने महाराष्ट्राचं दुसरं टोक गाठायचं कशाला?

म्हणून मी तिघांशी वेगवेगळं बोलले आणि एकच विचारलं: परत गेल्यावर गल्लीत काय सांगायला आवडेल?

काका उभं आयुष्य यंत्रमागावर राहिले, त्यातली बरीच वर्षं जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारा कारागीर, म्हणून. ते म्हणाले, "तुमच्याकडं कोष्टी हायत न्हवं? माग चालत्यात का अजून, ते बघायचंय." जरा थांबून पुढे म्हणाले, "आणि सीताबर्डीचा किल्ला." मावशीने आधी अट घातली, "मला फार चालायला लावू नकोस, गुडघे बोलतात." मग म्हणाली, "तुमच्यात कसं रांधतात ते बघू दे." आणि रामटेकचा राम. नातवाला रेल्वेच्या वरून जाणारी मेट्रो बघायची होती, आणि 'जुने दगड'. त्याला दगड गोळा करायचा नाद आहे.

दहा ठिकाणांच्या जागी आता चार-पाच इच्छा उरल्या. आखणी खरी सुरू झाली ती इथून.

तारीख

नागपूरच्या बाबतीत कुठे जायचं याआधी कधी यायचं हे ठरवावं लागतं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा मावशीला आणणं म्हणजे तिला खोलीत कोंडणं. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो, लाखो लोक दीक्षाभूमीवर येतात. तो सोहळा बघण्यासाठी यायचं तर तो दिवसच डोळ्यासमोर ठेवून यावं, बाकी शहर त्या दिवसांत बघू नये. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. १९५३ च्या नागपूर कराराचं हे देणं, पण त्या काळात बर्डी, सिव्हिल लाइन्स भागात खोली मिळणं कठीण होतं आणि रस्ते बंदोबस्तात अडकतात. मी आधी डिसेंबरचाच विचार करत होते. दोन लॉजवर विचारलं, दोन्हीकडे नकार आला.

तेव्हा काकांचा किल्ला कामाला आला. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. सामान्य माणसाला तो वर्षातून तीनच दिवस उघडा असतो: २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. मे उन्हाचा, ऑगस्ट पावसाचा. राहिली २६ जानेवारी, आणि ती शुक्रवारी येत होती. शुक्रवार, शनिवार, रविवार सलग मिळत होते. नातवाची शाळा फारशी बुडत नव्हती. सोमवार टळत होता तेही बरंच, कारण अजब बंगला, म्हणजे इथलं जुनं संग्रहालय, सोमवारी बंद असतं. थंडी होती, पण सोसवेल अशी.

एका न उघडणाऱ्या दरवाजाने आमची तारीख ठरवली. नागपूरला येणाऱ्या कुणाला इतिहासाची जरा जरी ओढ असेल, तर हे तीन दिवस समोर ठेवूनच तिकीट काढा, असं मी आता प्रत्येकाला सांगते.

मुक्काम

आमचं घर त्रिमूर्तीनगरात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. "घर असताना लॉज कशाला?" म्हणून मावशी रुसली, पण दिवसातून दोनदा तिने जिने चढणं मला पटत नव्हतं. बर्डीत तळमजल्यावरची खोली घेतली. बर्डीला मेट्रोच्या दोन्ही मार्गिका एकमेकींना भेटतात: एक खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक, दुसरी लोकमान्य नगर ते प्रजापती नगर. स्टेशनात लिफ्ट, सरकते जिने आहेत. दुपारी थकलं की खोलीवर येऊन पाठ टेकता येते. ज्येष्ठांबरोबरच्या सहलीत हे दुपारचं पाठ टेकणं सगळ्यात मोलाचं.

कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने २४ तासांहून जास्त प्रवास करून तिघं गुरुवारी संध्याकाळी उतरली. त्या संध्याकाळी काहीच ठेवलं नव्हतं. वरणभात डब्यातून नेला आणि झोपू दिलं.

शुक्रवार

सकाळी लवकर किल्ल्याच्या रांगेत लागलो. ओळखपत्रं जवळ ठेवली होती. चढ आहे. मावशीने अर्धा चढ माझ्या दंडाला धरून पार केला, मग एका कठड्यावर बसली आणि म्हणाली, "तुम्ही जा, मी माणसं बघते." तिला खरोखर ते आवडलं. वर्षातून तीनदा उघडणारं दार, म्हणून सगळं नागपूर तिथे होतं. कडेवर लेकरं, हातात कागदी तिरंगे.

वर गेल्यावर काका गप्प झाले. नोव्हेंबर १८१७ मध्ये पुण्याजवळ खडकीची लढाई झाली, हे त्यांना शाळेपासून ठाऊक. त्याच महिन्याच्या शेवटी, २६ आणि २७ तारखेला, आप्पासाहेब भोसल्यांची फौज इथे इंग्रजांशी लढली. टेकड्या दोन, एक मोठी, एक छोटी. छोटी टेकडी भोसल्यांच्या फौजेतल्या अरबांनी घेतली होती, पण ती हातात टिकली नाही. पुस्तकात ही एक ओळ असते. वर उभं राहिलं की त्या दोन टेकड्यांमधलं अंतर दिसतं, किती थोडं आहे ते. काका नातवाला म्हणाले, "इथनं तिथवर. एवढ्यासाठी राज्य गेलं बघ."

दुपारी विश्रांती. संध्याकाळी दीक्षाभूमी. ही जागा नेहमीच्या यादीतली, पण आम्ही तिच्याकडे इचलकरंजीच्या वाटेने गेलो. इचलकरंजीपासून थोड्या अंतरावर माणगाव आहे. मार्च १९२० मध्ये तिथल्या परिषदेचे अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर, आणि शाहू महाराजांनी तिथे भर सभेत लोकांना सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी सापडला. दोनच महिन्यांनी, मे १९२० च्या अखेरीस, बहिष्कृत समाजाची परिषद नागपुरात भरली आणि तिचे अध्यक्ष होते शाहू महाराज. काकांना माणगाव ठाऊक होतं, नागपूरची परिषद ठाऊक नव्हती. १४ ऑक्टोबर १९५६ ची तारीख तर सगळ्यांनाच माहीत. स्तूपाच्या आत गेलं की तो पोकळ घुमट डोक्यावर येतो आणि माणूस आपोआप हळू बोलायला लागतो. बाहेर आल्यावर मावशी बोधिवृक्षाखाली बराच वेळ बसली. "आपल्या माणगावातनं निघालेली वाट हितं आली होय," एवढंच ती म्हणाली. पाहुण्याच्या गावाचा आणि या शहराचा असा एखादा धागा आधी शोधून ठेवला, तर तीच जागा त्याला वेगळी दिसते. मला तो धागा शोधायला एक संध्याकाळ लागली होती.

चूक झाली ती रात्री. नागपूरचं झणझणीत सावजी जेवायचं ठरलं होतं आणि मी ते रात्रीच्या पानावर ठेवलं. काका म्हणाले होते, "आम्ही तांबडा रस्सा पिऊन मोठं झालो, आम्हाला काय सांगता?" पण कोल्हापुरी तिखट जिभेवर येतं आणि उतरतं. सावजीच्या रश्शात काळी मिरी, लवंग, दगडफूल, खसखस असं भाजून वाटलेलं असतं, वर तर्रीचा थर. ते आधी गोड लागतं, मग आत जाऊन तापतं. नातवाने हौसेने दोन वाट्या रस्सा घेतला. रात्री दोन वाजता लॉजमधून फोन आला.

शनिवारची सकाळ गेली

पोराला पोटाचा त्रास, दोन्ही म्हाताऱ्यांना जागरण. शनिवारी सकाळी गांधीसागरपासून गांधीगेटमार्गे महाल या जुन्या वस्तीत पायी फिरायचं, बडकस चौकापर्यंत, रुक्मिणीचं देऊळ बघायचं, आणि दुपारी अजब बंगला, असं ठरलं होतं. १८६३ सालचं ते संग्रहालय मी सरळ काढून टाकलं. महालही काढला. मला वाईट वाटलं, कारण महाल हा माझ्या मते नागपूरचा जीव आहे. पण आजारी पोर आणि दुखरे गुडघे घेऊन जीव दाखवता येत नाही. दुपारपर्यंत ताकभात आणि झोप.

हाताशी एकच संध्याकाळ उरली तेव्हा काय ठेवायचं हे ठरवणं सोपं गेलं, कारण तिघांच्या इच्छा माझ्याकडे लिहिलेल्या होत्या. माग.

ऑटो केला, भाडं आधी ठरवून. वाटेत गांधीसागरच्या काठाशी दहा मिनिटं थांबलो. हाच जुना जुम्मा तलाव. समोर मॉल आहे, तिथे एम्प्रेस मिल होती. जमशेदजी टाटांनी ती १ जानेवारी १८७७ ला सुरू केली. मुंबई सोडून नागपूर निवडलं, कारण वऱ्हाडचा कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ आणि रेल्वे दहा वर्षांपूर्वीच येऊन पोचलेली. मी काकांना सांगितलं की १८८६ साली या गिरणीने कामगारांसाठी पेन्शन फंड काढला होता. काका मॉलच्या काचांकडे बघत राहिले. "अठराशे शहाऐंशी," ते पुन्हा म्हणाले. स्वतःच्या उतारवयासाठी त्यांच्याकडे असा कुठलाच फंड नाही, हे मला माहीत आहे. मी पुढे काही बोलले नाही.

तांडापेठ, गोळीबार चौक हा हलबा कोष्टी विणकरांचा जुना भाग. रेशीमकाठी नागपुरी लुगडी इथे विणली जात. घरोघर असलेले हातमाग आता शोधावे लागतात. आमच्या शेजाऱ्यांच्या ओळखीने एका विणकरदादांना मी आठवडाभर आधी फोन केला होता. हे सांगून ठेवते की ते त्यांचं राहतं घर आहे, प्रदर्शन नाही. न सांगता जाऊ नये, दारातून फोटो काढू नयेत, जमलं तर काहीतरी विकत घ्यावं.

घरात शिरलं की पहिल्याच खोलीत खड्डामाग. विणकरदादा खड्ड्यात पाय सोडून बसलेले, पायाखाली पावड्या. डोक्यावर पिवळा बल्ब, कोपऱ्यात सुताच्या लड्या. काकांनी चपला बाहेर काढल्या, आत आले आणि काही न बोलता उकिडवे बसले. त्यांनी नुसतं ऐकलं. यंत्रमागाचा खडखडाट ४० वर्षं ऐकलेला माणूस हातमागाची ती ठक, जरा थांबून पुन्हा ठक, अशी ऐकत होता.

मग ताण्यातला एक धागा तुटला. विणकरदादांनी हात पुढे करायच्या आत काकांचा हात गेला. दोन्ही टोकं चिमटीत धरून त्यांनी गाठ मारली, अंगठ्याने दाबली आणि उरलेलं टोक खुडलं. सगळा प्रकार दोन-तीन सेकंदांचा. विणकरदादांनी गाठीवर बोट फिरवून बघितलं, मान वर केली. "तुम्ही कोष्टी का भाऊ?"

"न्हाई. इचलकरंजीचा. जॉबर होतो."

त्यानंतर तास-दीड तास आम्ही बाकीचे त्या खोलीत नसल्यासारखेच होतो. याला तुम्ही काय म्हणता, धोटा? आम्हीबी धोटा. कांडी? कांडीच. वही, फणी? तेच. एक शब्द महाराष्ट्राच्या या टोकाला, तोच त्या टोकाला. बाकी बोलणं वेगळं. विणकरदादा म्हणाले, "पोट्टे येत नाही आता या धंद्यात. मी एकटाच करून राह्यलो." काका म्हणाले, "आमच्यात बी तसंच. घरची पोरं मागावर बसत न्हाईत." मावशीने आतल्या खोलीत वहिनींशी गट्टी जमवली आणि आदल्या रात्रीच्या सावजी मसाल्यात काय काय पडतं ते विचारून घेतलं. तो मसाला मूळ याच घरांतला. माग मंदावले तसं या घरांतलं रांधणं खानावळींत आलं.

परतताना अंधार पडला होता. चितार ओळीतून ऑटो नेला. मूर्तिकारांची ही ओळ. नुसती गवत-बांबूची धडं उभी होती, एक-दोनांवर माती चढलेली. नातू, जो दिवसभर मलूल होता, तिथे उतरून पाच मिनिटं बघत राहिला.

रविवार

सकाळी कस्तुरचंद पार्कच्या बाजूला पोहे. पोह्यांवर चण्याची तर्री ओततात हे मावशीला मान्य नव्हतं. "मिसळीचा कट पोह्यावर?" ठेलेवाल्या भाऊंनी विचारलं, "काकू, सांबार टाकू का?" तिने प्लेट झटकन मागे घेतली. आधीच तर्री, त्यात इडलीचं सांबार कशाला! मग भाऊंनी मुठीतली हिरवीगार कोथिंबीर दाखवली. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी "सांबार निवडून ठेव" म्हटलं होतं, तेव्हा मीही अशीच गोंधळले होते.

तिथून जवळच झिरो माइल. दगडी खांब, चार घोडे. हा भारताचा मध्यबिंदू असं सगळे सांगतात. खरं म्हणजे तो इंग्रजांच्या सर्वेक्षणाचा दगड, मोजमापासाठी उभारलेला. नातवाला हे सांगितलं तर त्याला ते जास्तच आवडलं. मग मेट्रोने गड्डीगोदामवरून पुढे आणि परत, खाली रेल्वेचे रूळ बघत. एका तिकिटात त्याची इच्छा पुरी झाली.

दुपारच्या आत काटोल रोडने जुनापाणीला गेलो. शहरापासून जवळ, तरी नागपुरातलेही फार कमी लोक तिथे गेलेले असतात. माळावर दगडांची वर्तुळं आहेत, सुमारे ३००. लोहयुगातल्या माणसांनी आपले मृत इथे ठेवले, भोवती मोठे दगड रचले. १८७९ साली रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने इथे खणून पाहिलं, तेव्हा लोखंडी हत्यारं आणि मडकी निघाली. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीने कोरलेले आहेत. नातवाने एका खळग्यात तर्जनी घातली. बोटाचं पेर बरोबर मावलं. मग पुढच्या खळग्यात, मग त्याच्या पुढच्या. "हे कुणी केलं?" "का केलं?" पहिल्याचं उत्तर थोडंफार देता आलं. सावली नाही, पाणी मिळत नाही, दोन्ही सोबत न्यावं. दगड उचलायचा नाही हे त्याला गाडीतच बजावलं होतं, आणि त्याने एकही उचलला नाही. मावशी गाडीतच बसून होती.

जेवायला घरी आणलं. तिसरा मजला एकदाच चढायचा होता, सावकाश चढवलं. मावशीने ओटा ताब्यात घेतला. गोळाभात आणि सांबारवडी आम्ही दोघींनी मिळून केली. गोळे भातात वाफवायचे आणि वरून फोडणीचं तेल, हे तिने वहीत लिहून घेतलं. संत्री आणली होती. आंबिया बहार संपत आलेला, मृगाचा सुरू व्हायचा, त्यामुळे मनासारखी मिळाली नाहीत.

आता करायचं तर

सावजी दुपारी आणि लहान मुलाला अर्धी वाटीच. मागाचं घर पहिल्याच दिवशी, कारण ज्यासाठी माणूस इतक्या लांबून आला ते शेवटाकडे ढकलू नये. शनिवारची संध्याकाळही हुकली असती तर काका रिकाम्या हातांनी गेले असते. महालासाठी एक अख्खी सकाळ मोकळी. आणि रामटेक. अंतर ५० किलोमीटरच्या आसपास, वर गडावरच्या पायऱ्या, म्हणून मी ते मावशीला न विचारता काढलं. तिने तिच्या दोन इच्छांपैकी एक स्पष्ट सांगितली होती. गुडघे तिचे, चढायचं की नाही हे तिने ठरवायला हवं होतं. हे मला अजून लागून राहिलंय.

सोमवारी सकाळच्या गाडीने तिघं परत गेली. तीन आठवड्यांनी काकांचा फोन आला. विणकरदादांशी त्यांचं अधूनमधून बोलणं होतं म्हणे, त्यांनी मारबतीचं सांगितलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे दोन मोठे पुतळे, जुन्या नागपुरातून मिरवत निघते, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" असा गलका असतो, काळीची परंपरा १८८१ पासूनची. ते बघायला यायचं तर लॉज कुठे घ्यावा, असं काका विचारत होते. मी सांगायला लागले की या खेपेला बर्डी नको, महालाच्या जवळ बघू, म्हणजे चालत...

तेवढ्यात मावशीने फोन ओढून घेतला. "मारबत बघू की. पण आधी रामटेक. पायऱ्या किती हायत ते मोजून सांग मला."

पुढच्या रविवारी मी रामटेकला पायऱ्या मोजायला जाते आहे.